न दुखणारा पाय

डॉक्टरांनी सुनीलला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा बारीक दोरा त्याच्या डाव्या तळव्याला टेकवला. "लागलं की हो म्हणा." दोरा अंगठ्याला लागला, चवड्याला लागला, टाचेला लागला. मी बाजूलाच उभी होते, मला दिसत होतं. माझा नवरा काही हो म्हणेना. शेवटी त्यानंच विचारलं, "डॉक्टर, सुरू कधी करताय?"

"डायबेटिक न्यूरोपॅथी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे साखरेनं पायाच्या नसा मरतात. काटा रुतला, चटका बसला, तरी पत्ता लागत नाही. चवड्याखालच्या जाड कातडीत पू साठला होता आणि करंगळी काळी पडली होती. मी समजत होते, बूट घासून डाग पडलाय.

आता माझी अक्कल सांगते. घरात शुगर असेल तर नीट वाचा, लाज सोडून लिहितेय.

आम्ही नाहूरला राहतो. मुलुंडला एका हॉलमध्ये रिफ्लेक्सॉलॉजीचा दहा दिवसांचा वर्ग होता, तो मी केला. तळव्यावर सगळ्या अवयवांचे बिंदू असतात असं त्यात शिकवतात. दाबल्यावर जो बिंदू दुखतो तो अवयव कमजोर, दुखणं थांबलं की सुधारला. शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, औषधं बंद करायची नाहीत. माझ्या वहीत ते लिहिलेलं आहे. पण माणूस वहीतलं हवं तेवढंच वाचतो.

सुनील मॉलमध्ये इलेक्ट्रिशियन, दिवसभर सेफ्टी शूज घालून उभा. घरी आला की चहा प्यायचा आणि पाय माझ्या मांडीवर. लाकडी काडीनं पॅनक्रियाजचा, म्हणजे स्वादुपिंडाचा बिंदू दाबला की "आई गं" करायचा. मग मी आणखी जोरात दाबायचे. महिन्याभरात त्याचं विव्हळणं बंदच झालं. मी बिल्डिंगभर सांगत सुटले. शुगरची संध्याकाळची गोळी मीच थांबवली. "सुधारलंय रे तुझं, कशाला उगाच पोटात केमिकल?" जळो ती जीभ.

हॉस्पिटलात चार दिवस सलाईन आणि ड्रेसिंग. डॉपलर केली, म्हणजे रक्त पायात कुठपर्यंत पोचतं ते बघतात. घोट्याखाली जवळजवळ काही पोचत नव्हतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी देवाला म्हणत होते, बोटं घे, पाय ठेव.

पाचव्या दिवशी सर्जन म्हणाले, "गँगरीन वर सरकतंय. मांस सडत चाललंय. आज सही केलीत तर गुडघा तरी वाचेल."

मी सही केली. गुडघ्याखालून पाय गेला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मला राहवेना. "माझ्यामुळे गेला रे तुझा पाय. मीच दाबला, मीच गोळी बंद केली."

त्यानं माझा हात धरला. मग म्हणाला, "अगं, मला पहिल्या दिवसापासून काहीच लागत नव्हतं."

"मग ओरडायचास कशाला?"

"वर्गावरून आलीस ती किती खूश होतीस. काही होत नाही म्हटलं असतं तर तोंड पडलं असतं तुझं. नंतर वाटलं, बरं वाटतंय असं दाखवू."

त्याला मिठी मारावी की मुस्काटात द्यावी, मला कळेना. भरल्या वॉर्डात त्याला शिव्या घातल्या आणि ढसाढसा रडले. त्या पहिल्या दिवशी एक शब्द खरा बोलला असता, तर आम्ही वेळेत डॉक्टरकडे गेलो असतो. पण दोष त्याला एकट्याला कसा देऊ? मलाही तेच ऐकायचं होतं.

डिस्चार्जच्या वेळी मी विचारलं, उजवा पाय दाबू का? "हलक्या हातानं दाबा, बरं वाटेल," डॉक्टर म्हणाले. "काडी नको. आधी रोज पाय नीट बघा. आणि औषधाच्या बदल्यात काहीही नको."

म्हणून आता रोज ट्यूबलाइटखाली बोटांच्या फटी बघते, टाच बघते, मग हात फिरवते. तुम्हीही बघा. आणि आपल्या माणसाचं मन राखायला दुखण्याबद्दल खोटं बोलू नका, मी पाया पडते.

परवा हात फिरवताना सुनील म्हणाला, "छान वाटतंय गं."

मी थांबले. "खरं सांग."

त्यानं मान खाली घातली. "घोट्यापर्यंत काहीच कळत नाही. तू जवळ बसतेस, ते छान वाटतं."

खरं सांगितल्याबद्दल मी त्याला थँक्यू म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉक्टरांच्या दारात होतो.