खरा काटा विकण्याचा धंदा

आमच्या दुकानात दोन गोष्टींचा साठा कधी कमी झाला नाही. एक न खपलेले तराजू आणि दुसरे किस्से. तराजू शेवटी खपले, कसे ते सांगतोच. किस्से मात्र अजून पडून आहेत आणि ते कुणी विकत घेत नाही, म्हणून तुम्हाला फुकट ऐकवतो. पान लावा आणि बसा.

दुकान ठाण्याला, स्टेशनाकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर. भागीदार तिघं. बस्त्याव आमच्या आळीमागच्या ख्रिस्ती वस्तीतला लोहार. दांडी, काटा, पारडी सगळं तो घडवायचा आणि त्याच्या काट्याला जगात तोड नाही असं त्याचं स्वतःचं मत होतं. दुसरा माझा मावसभाऊ सदुभाऊ. हा माल बांधायचा, पोचवायचा, सगळं करायचा, फक्त बोलायचा नाही. गिऱ्हाईक आलं की मान खाली घालून सुतळी गुंडाळत बसायचा. तिसरा मी, बोलका भागीदार. मामलेदार कचेरीतली कारकुनी सोडून आलेलो!

कारकुनी सोडली तेव्हा शिरस्तेदार म्हणाले होते, "गोविंदराव, दिवाळीपर्यंत तुमची जागा भरत नाही. दिवाळी झाली की परत या."

"या" म्हणाले, "आलात तर" नव्हे! एवढी त्यांची खात्री. आमच्या घरात तर त्याहून जास्त. हिनं माझी कचेरीची पगडी खुंटीवरून खाली काढलीच नाही. रोज सकाळी फडक्यानं झटकायची आणि माझ्याकडे बघायची.

मला त्या खुंटीकडे परत जायचं नव्हतं. त्यासाठी एकच करायचं होतं. दिवाळीच्या आत कल्याणचा बाजार आमचा काटा घेईल असं बघायचं. आणि कल्याणचा बाजार म्हणजे गुळाचे घाऊक व्यापारी बाळाशेठ. त्यांनी घेतलं की बाकीचे घेणार, त्यांनी नाक मुरडलं की बाकीचेही मुरडणार.

*

सुरुवात पाटीपासून झाली. मी मोठ्या हौसेनं रंगवून घेतली, "येथे खरे तराजू मिळतात."

पाटी लागली त्याच दिवशी समोरचे किराणावाले दामूशेठ रस्ता ओलांडून आले. पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, "का हो गोविंदराव, आमचे काय खोटे आहेत?"

"तसं नाही शेठ, खरे म्हणजे आपलं..."

"तसं नाही ना? मग तसं लिहू नका."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारानं माझा रामराम घेणं सोडलं. ज्यांना माल विकायचा त्या सगळ्यांना एकाच पाटीनं खोटं ठरवणारा मार्केटिंगवाला ठाण्यात तरी पहिलाच असेन. हा शब्द अजून इकडे आलेला नाही, कचेरीतल्या माझ्या गोऱ्या साहेबाच्या तोंडचा आहे. त्यानं तो भाजी आणायला जाण्याच्या अर्थानं वापरला होता, असं आता वाटतं.

*

मग मी डोकं लढवलं. लोकांनी काटा डोळ्यांनी बघितला पाहिजे! दारात एक मोठा काटा टांगला आणि दवंडी दिली, "काहीही आणा, फुकट जोखून देऊ."

गर्दी काय विचारता! बायाबापड्यांची रांग लागली. कुणी साखर आणली, कुणी मिरच्या, कुणी तूप. मी खुश. बस्त्याव तर दर वजनाला छाती पुढे काढत होता.

रांगेतल्या एकूण एक बाया जोखून झाल्यावर घरी न जाता तडक समोर दामूशेठकडे का जातात, हे माझ्या लक्षात यायला दुपार झाली. तोवर समोर भांडण पेटलं होतं. दामूशेठ तिकडून ओरडले, "गोविंदराव, तुमचं कधी मी वाईट केलं?"

बस्त्याव म्हणाला, "काटा उतरवू नको. मस्त चाललाय!"

चालला होता खरा. विकला मात्र एकही गेला नाही.

*

तिसरी अक्कल म्हणजे हँडबिल. मुंबईहून छापून आणली. वर तराजूचं चित्र, खाली माझं स्वतःचं वाक्य, "आमचा काटा कोणाचीही भीड ठेवीत नाही!" ठाणे, कल्याण, भिवंडी, सगळीकडच्या व्यापाऱ्यांना वाटली. सगळ्यांनी हसतमुखानं घेतली. काहींनी तर आणखी आहेत का म्हणून विचारलं. मी घरी येऊन हिला सांगितलं, "पगडी आता माळ्यावर टाक."

आठवड्यानं हिनं बाजारातून जिरं आणलं. पुडी आमच्या हँडबिलाची! पाठोपाठ हिंग, हळद, सुपारी. अख्ख्या बाजाराला आम्ही पुड्यांचा कागद पुरवत होतो.

मी चिडून जिऱ्याची पुडी आमच्या काट्यावर टाकली. कमी भरली! कागदावर मात्र माझं वाक्य अगदी ठळक उमटलेलं.

*

पहिलं खरंखुरं गिऱ्हाईक शहाडचं. गवताचे व्यापारी, केशवशेठ. स्वतःहून दुकानात आले, काटा हलवून बघितला आणि म्हणाले, "छान आहे. दोन द्या."

दोन! मी सदुभाऊला डोळ्यांनीच खुणावलं. तो बांधायला लागला.

"एक घ्यायचा आणि एक द्यायचा," शेठ म्हणाले.

मला कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे एक माल घेताना आणि एक माल देताना."

मी हसत सांगितलं, "शेठ, दोन्ही अगदी सारखे आहेत. केसाचा फरक नाही."

शेठ माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. मग म्हणाले, "मग दोन कशाला घेऊ?"

आणि एकही न घेता गेले. सदुभाऊनं बांधलेली सुतळी मुकाट्यानं सोडली.

*

खाडीपलीकडे कळव्याला मिठागरवाले हिराजी पाटील. यांनी मात्र एक काटा घेतला, न बोलता, न घासाघीस करता. आम्ही तिघांनी त्या दिवशी जिलबी खाल्ली.

चार दिवसांत पाटील काटा डोक्यावर घेऊन हजर! "ओ, ह्यो तुमचा काटा सकाली येक बोलतो न दुपारी दुसराच. ताडी पिऊन बनवलाव काय?"

बस्त्याव भडकला. "ताडी मी पितो, काटा नाय पीत!"

मी मध्ये पडलो. कचेरीत शिकलेला गोड आवाज काढून पाटलांना समजावलं, की मीठ रात्री ओल धरतं, म्हणून सकाळी जड भरतं, उन्हात सुकलं की हलकं होतं, काट्याचा त्यात काही दोष नाही. पाटलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं!

"म्हंजे," पाटील म्हणाले, "काटा खरा न माजा मीठ खोटा?"

त्यानंतर त्यांच्या होडीतून खाडी ओलांडायची सोय संपली. आम्ही फेऱ्यानं जाऊ लागलो.

*

आता कल्याण. बाळाशेठकडे मी इतक्यांदा गेलो की त्यांचा गुमास्ता मला बघितलं की न सांगता पाण्याचा तांब्या पुढे करायचा. शेठ गादीवर लोडाला टेकून बसलेले. मागे त्यांचा स्वतःचा काटा टांगलेला, म्हातारा, काळाकुट्ट. त्याच्याकडे माझी नजर गेली की शेठ म्हणायचे, "गोविंदराव, वडिलांच्या वेळचा आहे तो. घरच्या माणसासारखा. आपलं कुठं चुकतं ते बाहेर सांगत नाही."

मी तांब्या रिकामा करायचो आणि परत यायचो.

दिवाळी आठ दिवसांवर आली. बस्त्यावनं भट्टी विझवली. "तू जा तुझ्या कचेरीत," म्हणाला. "मी घोड्याचे नाल ठोकतो. घोडा तरी काय बोलत नाय." हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मला फार वाईट वाटलं. त्याचा काटा चांगला होता हो! माझीच तोंडपाटीलकी त्याच्या आड आली होती.

आणि त्याच दिवशी दारात बाळाशेठ! स्वतः! कल्याणहून गाडीनं आलेले.

"गोविंदराव, एक खरा काटा पाहिजे."

मी खुर्ची पुसली, पाट पुसला, परत खुर्ची पुसली. शेठ बसले आणि सांगू लागले. त्यांचा नातू तापानं फणफणला होता, वाचेल असं वाटत नव्हतं. शेठनं देवाला बोललेलं, पोर वाचलं तर त्याच्या वजनाइतका गूळ वाहीन. पोर वाचलं. सांगताना त्या जाड्या माणसाचे डोळे भरून आले आणि बस्त्यावनंही नाक पुसलं.

इथं शहाण्यानं गप्प बसायचं. मी विचारलं, "पण शेठ, तुमच्या दुकानात एवढा मोठा काटा आहे की!"

शेठनं उपरण्यानं डोळे पुसले. मग म्हणाले, "तो गिऱ्हाइकांसाठी आहे, गोविंदराव. हे देवाचं काम."

*

दिवाळीच्या शेवटच्या दिवशी देवळाच्या अंगणात नातवाची तुला ठरली. आम्ही तिघं काटा घेऊन गेलो. बस्त्यावनं स्वतः टांगला, पारडी लिंबानं घासून लख्ख केलेली. सगळा कल्याणचा बाजार जमला होता. गुमास्त्यानं गुळाच्या ढेपा आणून रचल्या. पोराला सकाळीच दुकानातल्या काट्यावर बसवून त्यानं बरोबर तेवढाच गूळ जोखून आणला होता. शेठनं सांगितलं नव्हतं, पण दुकानात गूळ जोखायचा हात सवयीनं त्याच काट्याकडे गेला.

पोर एका पारड्यात बसलं. दुसऱ्या पारड्यात ढेपा चढल्या. शेवटची ढेप चढली.

पोराचं पारडं जमिनीलाच!

बाजारातला प्रत्येक माणूस आधी गुळाकडे, मग शेठकडे आणि मग माझ्याकडे बघू लागला. गुमास्ता तर देवळाच्या खांबामागे गेला. जन्मात पहिल्यांदा मी देवाजवळ मागितलं, की आमचा काटा खोटा निघू दे! बस्त्याव माझ्या कानात म्हणाला, "काटा बरोबर हाय." मी म्हटलं, "तेच तर!"

शेठ काट्याकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आणखी गूळ आणा."

एक ढेप आली. पारडं हललं नाही. दुसरी आली. मग तिसरीला पोर हळूच वर उचललं गेलं, काटा मधोमध थांबला आणि पोर हसलं.

बाळाशेठ जमलेल्या बाजाराकडे वळले आणि दोन्ही हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "बघितलंत? सकाळपासून पोराचं वजन वाढलं! देवाची कृपा!"

अंगणात जयजयकार झाला. आम्ही काटा तिथंच सोडून मिळेल त्या गाडीनं ठाण्याला आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिनं पगडी माझ्या हातात दिली. मी ती घातली. किल्ल्या सदुभाऊच्या हवाली करून तसंच कचेरीत जायचं म्हणून दुकानाकडे आलो.

दारात कल्याणचे व्यापारी उभे! पाच-सहा जण, पहिल्या गाडीनं आलेले. त्यांच्या मागे शहाडचे केशवशेठ. बस्त्याव आणि सदुभाऊ आत नुसते बघत उभे.

"तो बाळाशेठचा काटा द्या," पुढचा म्हणाला. "वजन वाढवणारा."

"मलाही तोच," मागचा म्हणाला. "अगदी तसाच पाहिजे हां!"

मी पगडी घालून उभा. तोंड उघडं, शब्द एक नाही. एवढ्या वर्षांची बडबड, आणि नेमकी आज गेली! सगळे माझ्याकडे बघताहेत, बस्त्याव बघतोय, मी गप्प.

तेव्हा आमचा सदुभाऊ पुढे झाला. जन्मात कधी गिऱ्हाइकाशी न बोललेला सदुभाऊ! त्यानं सुतळीचा गुंडा हातात घेतला, घसा साफ केला आणि अगदी अदबीनं विचारलं,

"शेठ, घ्यायचा बांधू की द्यायचा?"