निल्याचा शेवटचा बॉट माझ्यासाठी नव्हता

आज निल्याला जाऊन वर्ष झालं, आणि मी अजूनही अकोल्याच्या एका माणसावर जळतो.

त्याचं नाव इरफान.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निलेश आणि मी कॉलेजपासून लढणारे रोबोट बनवायचो. रिमोटवर चालणारे, समोरच्याला उडवणारे छोटे बॉट. अमरावतीची एकच टीम, त्यात आम्ही दोघंच. तो बांधायचा, मी चालवायचो.

त्याचा खरा जीव होता ईएससीत. म्हणजे स्पीड कंट्रोलर. बॅटरी आणि मोटरच्या मध्ये बसतो, मोटर किती जोरात फिरवायची ते ठरवतो.

एकदा मी मोठ्या ऐटीत तीस अँपिअरचे आणले. निल्यानं डब्यावरचं लेबल वाचलं आणि हसला.

"हे तीस हवेतले हायत बे. विमानाले वारा लागते, थंड राह्यते. आपला बॉट बंद डब्यात. समोरच्यानं भिंतीले दाबून धरला, मोटर अडली, का मंग पाह्य करंट किती ओढते ते."

मी म्हणालो, होत नाही काही.

झालं. धूर निघाला.

कमी बॅटरीला आपोआप बंद होण्याची सेटिंगही तो सगळ्यात आधी काढून टाकायचा. "बॅटरी मेली तं दुसरी घेऊ. मॅचमंदी बॉट थांबला नाई पायजे."

असा माणूस फक्त माझा होता. मला तरी तसं वाटायचं.

मग अकोल्याची स्पर्धा आली.

फायनलच्या आधी समोरच्या टीमच्या टेबलावरून जळका वास आला. इरफानचा ईएससी गेला होता आणि त्याच्याकडे दुसरा नव्हता. म्हणजे न लढता ट्रॉफी आमची!

निल्या उठला, आमच्या पेटीतला स्पेअर घेतला आणि तिकडे जाऊन बसला. नुसता दिला नाही. सोल्डर करून दिला, रिमोटची काडी फुल वर, बीप, काडी खाली, बीप, असं रिमोटशी जुळवणारं सगळं कॅलिब्रेशन करून दिलं.

"अबे, तो आपल्यालेच हाणन ना!"

"हाणू दे. बंद बॉटले हरवून का मिशा पिळशीन? पयले समोरच्याचा बॉट चालू झाला पायजे. मंग हाणाचं."

इरफाननं आम्हाला हाणलं. आमचा बॉट रिंगणाच्या छताच्या काचेला लागून खाली पडला.

आणि निल्या टाळ्या वाजवत होता.

त्या दिवसापासून सवत आली माझ्या संसारात. रविवार झाला की साहेब बडनेऱ्याहून गाडीत बसून अकोल्याला. फोनवर "इरफान म्हणते", "इरफानचा हात पाह्य एकदा". इरफान डावखुरा, इरफान काडी एकदम ठोकते, इरफान यंव, इरफान त्यंव.

एकदा मी चिडून विचारलं, "माह्यापेक्षा भारी चालवते का तो?"

निल्यानं विचार केला. हेच मला लागलं. विचार करावा लागला त्याला.

"येगळं चालवते," म्हणाला.

मग डेंग्यू झाला. बघता बघता प्लेटलेट्स खाली गेल्या, आणि निल्या गेला. मला अजून नीट लिहिता येत नाही त्याबद्दल.

तेरवीला काकूंनी, म्हणजे निल्याच्या आईनं, टेबलावरचा नवा बॉट आणि रिमोट माझ्या हातात दिला. "घेऊन जाय बाबू. तुमचंच हाय हे सारं."

इरफान तिथेच दाराशी उभा होता. एवढ्या दुःखातही मला बरं वाटलं. शेवटचा बॉट मला मिळाला. त्याला नाही.

वर्षभर तो कपाटावर होता. परवा म्हटलं, वर्षश्राद्धाला निल्याचा बॉट चालला पाहिजे.

प्लायवूडच्या पेटीत ठेवला, बॅटरी लावली. उजवी काडी पुढे केली. आमच्याकडे उजवी काडी म्हणजे चाकं, नेहमीच.

चाकं हललीच नाहीत. समोरचा, हाणायचा ड्रम गरगरला. मी मागे उडालो.

निल्या चुकला? निल्या ईएससीत चुकत नाही.

डावी काडी पुढे केली. चाकं फिरली. तीही हळू, मऊ उचल घेत. मला तर पहिल्या झटक्यात उसळी लागते. एकदम काडी ठोकणाऱ्याचा बॉट भिंतीवर आपटू नये म्हणून अशी सुरुवात ठेवतात.

डावा हात. काडी ठोकणारा.

मी तिथेच खाली बसलो.

रिमोटच्या मेनूत जाऊन दोन काड्यांचे चॅनल आपसात बदलायचे, लॅपटॉप लावून चाकांची उचल वाढवायची, की बॉट माझा. कोणाला कळणार होतं? बोट बटणावर होतं.

पण ते त्यानं केलेलं शेवटचं काम होतं. ते पुसून मग माझ्याकडे निल्याचं काय उरलं असतं? नुसतं अॅल्युमिनियम.

आज सकाळी अकोल्याला गेलो. मूर्तिजापूर येईपर्यंत दोनदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं.

इरफाननं रिमोट हातात घेतला, डावा अंगठा टेकवला, काडी ठोकली. बॉट लोण्यासारखा निघाला.

तो थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, हे तं माह्या हाताचं हाय."

"हो," म्हणालो. "तुह्याच हाताचं हाय."

मग तो भिंतीकडे तोंड करून रडला. मी पंख्याकडे बघत राहिलो.

निघताना विचारलं, "स्पेअर ईएससी हाय का तुह्यापाशी?"

"नाई भाऊ."

मी पिशवीतला माझा काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

निल्या, खोटं बोलणार नाही. इतका चांगला चालला तो, की माझी आणखीच जळली. माझ्या हातासाठी तू शेवटी काय बांधणार होतास, ते आता कधीच कळणार नाही.

पण समोरच्याचा बॉट चालू करून दिला आहे.

आता हाणतो.

भावपूर्ण वगैरे तुला मानवत नाही. जाय लेका, सुखानं राय.