बोळीकडची खिडकी

सेलूत आमच्या घरी आंघोळ म्हणजे अंगणात बाज उभी करायची, तिच्यावर लुगडं टाकायचं आणि त्याच्या आड बसायचं. शेजाऱ्यांच्या घरांवरच्या मातीच्या धाब्यांवरून आमचं अख्खं अंगण दिसे. लग्न होऊन आल्यापासून मी एकदाही अंगावरचं लुगडं काढून न्हाले नव्हते. ओलं कापड अंगाला चिकटलेलं असताना साबण लावायचा कुठं, हे मला कुणीतरी सांगावं!

शेवटी मी हट्टच धरला. आमच्या खोलीला लागून न्हाणी हवी, चार भिंतींची, आतून कडी असलेली. सासूबाई म्हणाल्या, "आमी काय बिनन्हाताच म्हाताऱ्या झालो?" नवऱ्यानं मात्र माझी कटकट चुकवायला का होईना, बलदियात, म्हणजे नगरपालिकेत, दरख्वास्त दिली. निजामाचं राज्य होतं. भिंत उभारायची तर बलदियाची इजाजत लागे. ती आली, पण अट घालून : हवा खेळायला बोळीच्या बाजूनं छातीएवढ्या उंचीवर खिडकी ठेवा. म्हणजे अंगणात निदान बाज तरी आड होती, इथं कापसाच्या जिनिंगला जाणारं येणारं प्रत्येक माणूस डोकावणार. सरकारला हवेची काळजी, सासूबाईंना रीतीची. माझी कुणालाच नव्हती, आणि त्याचा मला आजही राग येतो.

गवंड्यानं भिंती उठवल्या, खिडकीची जागा मोकळी सोडली. पुढचं काम मी थांबवलं.

बलदियाचा दारोगा तपासणीला आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. अंगात शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी. मी खरं तर आत बसायचं. पण नवरा मिठाची गुळणी धरून उभा होता, म्हणून डोक्यावर पदर घेऊन मीच पुढं झाले.

"साहेब, ही खिडकी मला नको."

"कायदा है, बाई. हवा आनी चाहिए."

"मग घडीभर तुमीच आत बसून बघा. तिथं, न्हायच्या दगडावर."

तो हसला, पण बसला. बोळीतून जिनिंगच्या बाया चालल्या होत्या. एकीनं खिडकीतून डोकं आत घातलं.

"अगं बया! साहेब न्हायला बसलेत! ऊन पाणी आणू का?"

बाकीच्या धावत आल्या. दारोगा इतक्या घाईनं उठला की टोपी पडली. ती झटकून त्यानं शेरवानीची गुंडी गळ्यापर्यंत लावली, गवंड्याचा कोळसा घेतला आणि हात पुरेल तितक्या उंचावर भिंतीवर रेघ ओढली.

"खिडकी यहाँ. हवा ऊपर से भी आती है."

न्हाणी झाली त्या दिवशी मी भर दुपारी घंगाळ भरून आत गेले. कडी घातली. लुगडं सोडून खुंटीला टांगलं आणि डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. वरून ऊन येत होतं. किती दिवसांनी मी माझं अंग उजेडात पाहिलं!

"अगं, किती येळ?" सासूबाई दार वाजवत होत्या. "घरात माणसं हायेत!"

"माझं होईस्तोर, आत्याबाई," मी म्हणाले, आणि पुन्हा तांब्या भरला.