मुद्देमाल खोलीत अडकलेलं नाव

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात करून आमच्या खात्यातले निवृत्त लोक पुढे एखादा दरोडा उघडकीला आणतात. मी लिहितोय ती घटना मला विसरायची आहे, पण बायको विसरू देत नाही. यात दरोडा नाही, खून नाही. चोरीही नव्हती, हे कळायला मला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत फिर्यादीचं खरं नुकसान करायला एकच माणूस निघाला होता. तो म्हणजे तपासी अधिकारी, अर्थात मी.

तेव्हा मी डोंबिवलीतल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. गणपती नुकतेच गेलेले, बंदोबस्ताने सगळ्यांचे पाय सुजलेले. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर साठीच्या एक बाई ताठ उभ्या होत्या. त्यांना आपण काकू म्हणू. पुढे सगळं पोलीस ठाणं त्यांना काकूच म्हणायला लागलं.

"साहेब, माझं नाव चोरीला गेलंय."

"काय नाव तुमचं?"

त्यांनी सांगितलं.

"मग आहे की अजून तुमच्याकडे," मी म्हणालो. मागे दोन हवालदार हसले. साहेबांच्या विनोदाला हसणं हा खात्यात शिस्तीचा भाग असतो. काकू हसल्या नाहीत.

"झालं हसून? आता लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

प्रकरण असं होतं. काकूंचा दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय. हाताखाली चौदा बायका. माल परदेशी जायचा, आणि तिकडची मंडळी ऑर्डर द्यायची काकूंच्या वेबसाइटवर. पितृपक्षात काकू भाजणी भाजायला घेत नसत, पण ऑर्डरी घेत. त्याच पंधरा दिवसांत वर्षाचं भवितव्य ठरे. यंदा एकही ऑर्डर आली नव्हती. बघतात तर वेबसाइटच्या जागी भलतंच पान. त्यावर विमानाच्या तिकिटांच्या जाहिराती, आणि मधोमध कल्याणच्या एका मिठाईवाल्याचे बुंदीचे लाडू.

"बारा वर्षं लोक हेच नाव टाइप करतायत. उद्या तिथे दुसऱ्याची चकली विकली गेली, तर माझ्या चौदा जणींनी कुठे जायचं?"

मी त्यांना ठाणे शहरात सायबर शाखेकडे पाठवलं. तिथून त्यांना सांगण्यात आलं, आधी स्थानिक पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. दुसऱ्या दिवशी काकू परत आल्या.

"ठाण्याला जाऊन आले. रिक्षा, बस, परत रिक्षा. फराळाचा डबा आणणार होते तुमच्यासाठी. म्हटलं, आधी फिर्याद तर घेऊ देत."

मी घेतली. गुन्हा दाखल केला, तपास स्वतःकडे ठेवला. निवृत्तीआधी एक आधुनिक गुन्हा आपल्या नावावर असावा, असा मोह मला पडला होता.

काकूंची वेबसाइट केली होती विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याने. तो पत्रिकांबरोबर आसपासच्या दुकानदारांना वेबसाइटही करून द्यायचा. त्याच भागात माझा एक जुना खबरी रिक्षा चालवतो. त्याचा फोन आला.

"साहेब, तुमचा तो पत्रिकावाला ना, कल्याणच्या मिठाईवाल्यासोबत बसतो रोज. चाय पे चाय चालूय. कायतरी मोठा मॅटर आहे."

झालं. माझ्या डोक्यात अख्खं आरोपपत्र तयार झालं. पत्रिकावाल्याने नाव मिठाईवाल्याला विकलं. पानावर लाडू दिसतायत, आणखी पुरावा काय पाहिजे? तिथल्या पोलीस ठाण्याला कळवून आम्ही दुकानात गेलो. त्याचा कॉम्प्युटर आणि मोबाइल जप्त केला. शेजारचा झेरॉक्सवाला आणि एक चहावाला असे दोन पंच. प्रत्येक वस्तू कापडी पाकिटात, दोरा, लाखेचं सील, पंचांच्या सह्या. नवीन अधिकाऱ्यांना सील लावता येत नाही, लाख नुसती सांडतात, असं व्याख्यानही मी तिथेच दिलं. माझं सील अप्रतिम होतं. पुढे त्याचाच त्रास झाला.

पत्रिकावाला चाळिशीचा, किडकिडीत माणूस. चौकशीत रडला नाही, उलट बोलला नाही. एकच गोष्ट मागत राहिला.

"साहेब, मी नाव विकलेलं नाही. मला फक्त फोन द्या. दहा मिनिटं."

"कशाला?"

"काम आहे साहेब. तारीख निघून जाईल."

"कसली तारीख?"

"नावाची."

माझ्या चौतीस वर्षांच्या अनुभवाने सांगितलं, की आरोपी जी वस्तू पुन्हा पुन्हा मागतो तिच्यात पुरावा असतो, आणि तो त्याला पुसायचा असतो. मी रोज त्याला पोलीस ठाण्यात बोलवायचो, तो रोज फोन मागायचा, आणि त्याने मागितला की माझी खात्री थोडी वाढायची. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "साहेब, तुमच्या समोर बसून करतो. हातात पण घेत नाही, तुम्हीच दाबा बटनं." मी स्टेशन डायरीत नोंद केली: संशयित फोन मिळवण्यासाठी निरनिराळ्या क्लृप्त्या योजत आहे.

"मिठाईवाल्याकडे काय काम होतं तुझं?"

"त्याच्या मुलीचं लग्न आहे. पत्रिका छापायला दिलेली. रोज मजकूर बदलायचा. आधी आजोबांचं नाव राहिलं, मग आत्याचं."

हे मला फारच तयार उत्तर वाटलं. शहानिशा करायला हवालदाराला कल्याणला पाठवलं. तो परतला तो पत्रिकेचा नमुना घेऊन. त्यावर आत्याचं नाव शाईने घुसडलेलं होतं. माझ्या डोक्यातलं आरोपपत्र तरीही तसंच राहिलं.

आमच्याकडे एक महिला हवालदार होत्या. गुन्हे नोंदणीच्या कामावर, मितभाषी. दहाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, त्या माझ्या टेबलावर एक कागद ठेवून उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"त्या नावाचा सातबारा समजा, सर. कुठलंही डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कुणाच्या मालकीचं आहे ते यात बघायला मिळतं."

"यासाठी अर्ज कुणाकडे केलात?"

"मोबाइलवर निघतो, सर. दोन मिनिटांत."

दहा दिवसांत ही दोन मिनिटं मी काढली नव्हती. उताऱ्यावर मालक म्हणून नाव होतं पत्रिकावाल्याचं. आता नव्हे, पहिल्यापासून, बारा वर्षं.

"म्हणजे काकूंचं नाव काकूंच्या नावावर कधी नव्हतंच?"

"सर, तुम्ही राहता त्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय?"

प्रश्न जिव्हारी लागला. आमची बिल्डिंग सत्तावीस वर्षांची. फ्लॅट आमचे, जमीन अजून बिल्डरच्या नावावर. डोंबिवलीत हा घरोघरचा विषय आहे, त्यामुळे मला क्षणात समजलं. काकू बारा वर्षं दुसऱ्याच्या जमिनीवर फराळ तळत होत्या.

"यात चोरी कुठेच नाही," हवालदार बाई पुढे म्हणाल्या. "डोमेन दरवर्षी नव्याने नोंदवावं लागतं. ते राहिलं, मुदत संपली. मुदत संपलेल्या नावावर नोंदणी करणारी कंपनी कुणाच्याही जाहिराती लावते, म्हणून लाडू. पण नाव लगेच जात नाही, जुन्या मालकाला ते सोडवून घ्यायला आणखी मुदत देतात. ती सोमवारी संपते. मग नाव मोकळं. अशा मोकळ्या नावांवर टपून बसणारे लोक आहेत, मिनिटात उचलतात."

"मग सोडवा की!"

"पत्रिकावाल्याच्या खात्यातूनच सोडवता येतं. खातं उघडायला एक कोड येतो."

"कुठे येतो?"

हवालदार बाईंनी मुद्देमाल खोलीच्या दाराकडे बघितलं.

पत्रिकावाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "तेच सांगत होतो साहेब." त्याच्याकडे साठेक दुकानदारांची नावं होती, सगळी त्याच्याच नावावर. लबाडी म्हणून नाही. दुकानदारच म्हणायचे, तू बघ रे बाबा, आपला माणूस आहेस. सगळ्यांच्या मुदतीच्या तारखा तो घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. यंदा नवीन कॅलेंडर आलं, तारखा उतरवायच्या राहिल्या.

"कंपनीकडून मेल येत असतील ना?"

"येतात. त्याच मेलवर लग्नाचे मजकूर येतात साहेब, हजारोंनी. त्यात हरवतात."

"जुनं कॅलेंडर कुठंय?"

"बायकोने फळीवर अंथरलं."

हवालदार बाई त्याच्या घरी गेल्या. डाळीच्या डब्यांखाली जुलैचं पान सापडलं. एका चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं: काकू, नाव. माझ्या आख्ख्या तपासातला हा एकमेव खरा पुरावा, आणि तो मी जप्त केलेला नव्हता.

मी म्हटलं, त्याच नंबरचं दुसरं सिम काढ.

"सिम मामाच्या नावावर आहे."

"मग मामाला बोलव."

"मामा गेले साहेब. तीन वर्षं झाली."

उरला एकच मार्ग. सीलबंद मुद्देमाल उघडायला न्यायालयाची परवानगी. शुक्रवारी सकाळी मी स्वतः अर्ज घेऊन कल्याणच्या कोर्टात उभा राहिलो. न्यायदंडाधिकारी मॅडमनी अर्ज दोनदा वाचला.

"फोन कुणी जप्त केला?"

"मी, मॅडम."

"आणि तो उघडायला हवा कुणाला?"

"मलाच."

"का?"

"त्याच्यात फिर्यादीचा माल अडकलाय."

"म्हणजे चोरीचा माल पोलिसांकडे आहे म्हणा," मॅडम शांतपणे म्हणाल्या आणि सही केली. सरकारी वकील कागदात तोंड खुपसून हसत होते. मी चौतीस वर्षांत त्या कोर्टात साक्षी दिल्या, उलटतपासण्या सोसल्या. एवढा घाम कधी आला नव्हता.

दुपारी मुद्देमाल खोलीसमोर आम्ही जमलो: पत्रिकावाला, काकू, हवालदार बाई, मुद्देमाल कारकून आणि तेच दोन पंच. माझं अप्रतिम सील फुटेना. शेवटी कारकुनाने स्टेपलरचं बूड मारून फोडलं. फोन निघाला तो मेलेला. चार्जर दुसऱ्या पाकिटात होता, आणि त्या पाकिटाची परवानगी मी मागितली नव्हती. हवालदार बाईंनी आपला चार्जर दिला. वीस मिनिटं आम्ही सगळे एका फोनभोवती, दवाखान्यात पेशंट शुद्धीवर यायची वाट बघावी तसे बसलो.

कोड आला. सहा आकडी.

"थांबा," मी म्हणालो. "पंचनाम्यात आधी घेऊ. अंकी आणि अक्षरी."

झेरॉक्सवाल्या पंचाचं अक्षर सुरेख पण संथ. त्याने तो आकडा अक्षरी लिहिला, मी तपासला, एक काना राहिला होता तो दुरुस्त केला, बाजूला सही घेतली. मग पत्रिकावाल्याने कोड टाकला. पडद्यावर लाल ओळ आली.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"कोडची मुदत संपली," हवालदार बाई म्हणाल्या.

काकू माझ्याकडे वळल्या. "साहेब, एक विनंती करू? तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी बाहेर बसलो. माझ्याच पोलीस ठाण्यात, फिर्यादींच्या बाकावर. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "आलं, आलं!" मी उठून दारात गेलो. नाव सुटलं होतं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला, मग लगेच चष्मा पुसत असल्यासारखं केलं.

ते आता काकूंच्या नावावर करायचं होतं. पत्रिकावाल्याने फॉर्म उघडला. "मालकाचं नाव काय टाकू?"

"मुलाचं टाक," काकू सवयीने म्हणाल्या. "तो असतो तिकडे कॅनडात. त्याला कळतं यातलं."

हवालदार बाईंनी फॉर्म पुढे सरकू दिला नाही.

"लाइट बिल सासऱ्यांचं," काकू हळूच म्हणाल्या. "ते जाऊन वीस वर्षं झाली. फ्लॅट ह्यांचा. गॅस ह्यांचा." मग आवाज नेहमीचा झाला. "माझं टाक रे. पूर्ण टाक, नीट. साहेबांसारखा काना विसरू नकोस."

मी काना विसरलो नव्हतो, दुरुस्त केला होता. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

गुन्ह्यात मी 'क' समरी पाठवली, म्हणजे गुन्हा गैरसमजुतीतून दाखल झाला असा अहवाल. गैरसमज कुणाचा, हे त्या नमुन्यात लिहावं लागत नाही, ही खात्याची मोठी सोय आहे. पत्रिकावाल्याची माफी मागायला माझी जीभ वळली नाही. चहा सांगितला. त्याला अर्थ समजला असावा, कारण त्याने बिस्किटंही मागितली. नंतर त्याने साठही दुकानदारांना फोन करून नावं आपापल्या नावावर करून घ्या म्हणून सांगितलं. निम्मे म्हणाले, राहू दे रे, तुझ्याकडेच बरं आहे.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. चोरीची फिर्याद आली की वस्तू कुणी नेली हे आपण विचारतो. ती मुळात कुणाच्या नावावर होती हे आधी विचारावं. आपल्याकडे माणसं विश्वासावर आयुष्य काढतात आणि कागद दुसऱ्याकडे ठेवतात. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, म्हणून तर ती सवय टिकते. आणि दुसरी गोष्ट: एखादा माणूस दहा दिवस एकच वाक्य बोलत असेल, तर एकदा ते खरं धरून बघावं.

हे ज्ञान मी घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी लाइट बिल काढून बघितलं. ग्राहकाचं नाव: आमचा बिल्डर. नाव बदलायचा अर्ज केला. निवृत्त झालो, तरी अर्ज प्रलंबितच. परवा मी त्यावर पुन्हा चिडचिड करत होतो, तर स्वयंपाकघरातून बायको म्हणाली,

"अहो, मीटर जप्त करा. सील ठोका चांगलं. तेवढं तर येतं तुम्हाला."