नखाखालचं हिरवं

गवताचं एक असतं. कापा, जाळा, पुढच्या वर्षी त्याच जागी कमरेइतकं उभं. आमच्या टोळीचे किस्से तसेच आहेत. एक सांगून संपवला की त्याच्या बुडातून दुसरा निघतो. मी सांगतो, सूनबाई मोबाईलवर लिहून घेते. मधेच म्हणते, "बाबा, इतकं थांबून थांबून नका ना बोलू, स्क्रीन बंद होते."

टोळी म्हणजे मी, माझी बायको शेवंता आणि भाचा बबन. मुलुंडच्या मागच्या डोंगरावर, वणव्याच्या दिवसांत वनखात्याच्या रोजंदारीवर. थंडी सरली की गवत कापून, जाळून उघड्या जमिनीचे पट्टे करायचे. त्याला जाळरेषा म्हणतात. वणवा तिथवर येतो, पुढे खायला काही नाही म्हणून विझतो.

*

एका वर्षी वणवा रेषा ओलांडून गेला. अख्खा उतार काळा. साहेब नवीन होते. म्हणाले, मेलेल्या झाडांवर पांढरी फुली मारा, तोडून टाकू. शेवंता म्हणाली, थोडं थांबा. पण रोजंदारीवरच्या बाईचं कोण ऐकतं! बबनने बादली-ब्रश घेऊन दिवसभर फुल्या मारल्या.

तोडायची परवानगी येईपर्यंत महिना-दीड महिना गेला. वर जाऊन बघतो तर पाऊस नाही, पाणी नाही, आणि फुलीवाली झाडं कोवळ्या पानांनी भरलेली. साहेब तापले, म्हणाले, मी फुल्या मारायला सांगितल्या, तरी ही उठलीच कशी?

बबन म्हणाला, "साहेब, त्यांना वाचता येत नाही."

मी खाली मान घालून हसत राहिलो. वाचता मलाही येत नाही.

*

मग सागाच्या बियांची गंमत. साहेबांनी रोपवाटिकेत वाफे केले, पाणी घातलं, जाळी लावली. एक कोंब नाही. शेवंताने उरलेल्या बिया जमिनीवर पसरल्या, वर सुका पाला टाकला आणि काडी ओढली. धूर बघून साहेब धावत आले, ओरडले, जाळरेषा राखायला ठेवलेली बाई रोपवाटिका पेटवते, माझी नोकरी घालवणार ही!

पाला भुर्रकन जळून गेला. चटका बसलेल्या बिया तिने पेरल्या. थोड्या दिवसांनी तेवढाच वाफा हिरवा. साहेबांनी खाली वाकून कोंब मोजले. मग हळूच तिला विचारलं, "बाई, तुमच्याकडे काडीपेटी आहे का?"

*

तिची परीक्षा एकच. वणवा गेला की झाडाची बारीक फांदी धरायची आणि अंगठ्याच्या नखाने साल खरवडायची. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत. ती सवय बाजारातही सुटली नाही. दुधीला तर सगळ्याच बायका नख लावतात, ही आल्यालाही लावायची. भाजीवाला ओरडायचा, "मावशी, मेलंय ते. शेतातून काढलंय."

ही शांतपणे म्हणायची, "काढलंय म्हणून मरत नसतं. मातीत ठेव, मग बघ."

*

रेषेच्या कडेला एक कुंभ्याचं झाड आहे. कुंभ्याची साल जाड, जशी अंगावर घोंगडी. त्याच्या खालच्या फांदीला ती आमची डब्याची पिशवी अडकवायची. इतकी वर्षं, की तिथे खाच पडली. वणवा त्याला कितीदा चाटून गेला, तो उठला. पण ती म्हणायची, एकदा भाजलं तर उठतंय. दरसाल भाजलं तर बिचारं कुठून उठणार?

*

मग ती आजारी पडली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तेव्हा आम्ही चाळ सोडून बिल्डिंगमध्ये राहायला गेलो होतो. खिडकीतून डोंगर दिसायचा. मी तिच्या उशाशी नुसता बसून असायचो. जेवण नाही, दाढी नाही.

एके सकाळी तिने माझा हात ओढून घेतला. मनगटावर नखाने हळूच खरवडलं. वाकून बघितलं आणि म्हणाली, "हिरवं आहे. उठा, चहा ठेवा."

आठ दिवसांनी ती गेली.

*

ती गेल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बबनचा फोन आला. "मामा, यंदा मोठी आग लागली. मामीचा कुंभा गेला."

घरचे म्हणाले, गुडघे बघा तुमचे, कुठे चढताय. मी गेलो. बबनने हात धरला होता. दहा पावलं चालायचं, बसायचं. त्याच्या अर्ध्या तासाच्या वाटेला मी अर्धा दिवस लावला.

कुंभा बुडापासून शेंड्यापर्यंत काळा. खाचेची फांदी होती, पण कोळसा झालेली. बबन म्हणाला, लावा नख. माझा हात उचलेना. नख लावलं आणि आत काहीच नसलं तर? मी म्हटलं, तू लाव. तो म्हणाला, मी नाही लावणार. दोघं राखेतच बसलो. डबा तसाच राहिला.

शेवटी मी उठलो. एक फांदी खरवडली. तपकिरी. दुसरी खरवडली. तीही सुकी, हातात मोडून आली. तिसरी अगदी खोडाजवळची, करंगळीएवढी. तिला नख लावलं. वाकून बघितलं.

बबन मागून म्हणाला, "मामा, बोला ना. काय आहे?"

मी म्हटलं, "बबन्या, ऊठ. चहा ठेव."

तो राख झटकत उठला. "इथे डोंगरावर कुठला चहा, मामा?"