घर कोणत्या बाजूला

नागपूरच्या एका मासिकात मी लहानपणच्या आठवणी लिहायला लागले, तेव्हा चित्रांसाठी संपादकांनी भामरागडचा एक चित्रकार शोधून दिला. तो तिकडच्याच जंगलातल्या गावचा, आश्रमशाळेत शिकवायचा. मी चंद्रपूरला नर्स. आम्ही एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. त्याच्याकडे नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून माझा लेख टपालानं जायचा आणि त्याची कच्ची चित्रं टपालानं यायची.

पहिल्या पत्रात त्यानं लेखाबद्दल बरं-वाईट काहीच लिहिलं नाही. फक्त विचारलं, "तुमचं घर गावात कोणत्या बाजूला होतं?"

हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. नर्सिंगच्या होस्टेलात, भाड्याची खोली बघताना, लग्नाच्या पंगतीत तो मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकला आहे. लेखाखाली मी आडनाव लावत नाही. आता हा घराच्या बाजूवरून वस्ती आणि वस्तीवरून जात काढतोय, असं मी धरूनच चालले. "लेखात आहे तेवढंच काढा," एवढं लिहून पाठवलं.

त्यावर त्याचं पत्र आलं, "पाणी कुठून आणत होते? विहीर असेल तर ती कोणाची?"

ते पत्र मी वॉर्डातल्या मैत्रिणीला दाखवलं. ती म्हणाली, "चित्र काढाचं हाये त्याले, विचारनच ना."

"लेखात आई अंगणात बसली हाये. विहीर काऊन पाहिजे त्याले? आणि कोणाची, हे काऊन?"

मी उत्तर दिलं नाही. पावसाळ्यात पुलावर पाणी चढून भामरागडचा रस्ता बंद झाला आणि त्याच्याकडूनही काही येईना. त्याला हवं ते दुसरीकडून कळलं असेल, असं मनात येत राहिलं. शेवटी संपादकांना फोन केला. ते सहज बोलून गेले, "त्यानंही तुमची चौकशी केली होती. बाई खरंच गावात राहिल्या आहेत का, म्हणून."

पाऊस संपल्यावर तो कामासाठी चंद्रपूरला आला. बसस्टँडजवळ चहाला भेटलो. बारीक, शांत माणूस. मी सरळच विचारलं.

"भाऊ, विहीर कोणाची, हे काऊन विचारलं तुम्ही?"

त्यानं कप खाली ठेवला. "खरं सांगू, बाई? मले तुमच्यावर भरोसा नव्हता. आमच्या इकडे लय लोक गाडीनं येतात, दोन दिवस राहतात अन् आमच्यावर लिहून मोकळे होतात. एकानं तर मले आमच्याच माणसाईच्या डोक्यात पिसं काढाले लावली. तवापासून मी विचारतो. जो गावात राहिला, त्याले पाणी कुठून येत होतं ते सांगता येते. तुम्ही सांगून नाई राह्यल्या, तं मले वाटलं, ह्याही तशाच."

मग मी त्याला माझं कारण सांगितलं. आमचं घर गावाबाहेर होतं. विहीर पाटलाची होती. आई घागर घेऊन दूर उभी राहायची आणि कोणी ओतून देईल याची वाट बघायची.

तो म्हणाला, "मंग विहीर काढू का नको?"

"काढा. आईला लांब उभी काढा."

छापायच्या आधी संपादकांचा फोन आला. विहीर फार मोठी दिसते, थोडी छाटू का, असं विचारत होते. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "तोही हेच म्हणाला."

अंक आल्यावर आईपुढे ठेवला. तिनं चष्मा लावून चित्र पाहिलं.

"हा पोरगा आपल्या गावचा हाये का?"

"नाई."

"मंग याले कोणं सांगतलं?"

"मी," असं म्हटल्यावर तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. अंक मात्र तिनं मला परत दिला नाही.