दत्तक ठाकुरांचे नाव

श्री. माधवराव सबनीस यांची माझी पहिली ओळख कुवेतच्या मंगफ भागातल्या आमच्याच घरात झाली. आखाती युद्धानंतर आम्ही कुवेतला परतलो तेव्हा शाळा सुरू व्हायच्या होत्या आणि आई मला घरीच शिकवत होती. वडिलांचे सहकारी असलेल्या सबनीसकाकांनी इतिहासाचा तास आपण होऊन पत्करला. मी घाबरत शंका विचारली की ते म्हणत, "विचार गं. तुला शंका आली नाही तरच मला काळजी वाटते."

पेट्रोकेमिकल कारखान्यातले हे अभियंते मारवाडच्या वाळवंटातल्या एका ठिकाण्याचा, म्हणजे राजपूत जहागिरीचा, इतिहास लिहीत होते. त्या घराण्याचे वारस ठाकूर रतनसिंह त्यांच्याच विभागात होते. सुट्टीत काका आधी मारवाडला जात, मग नाशिकला. काकू म्हणत, "यांना ठाकुरांच्या सगळ्या पिढ्या पाठ. माझ्या माहेरची चार नावं विचारा बरं!"

पुढे हस्तलिखित टंकायला काकांनी मला बोलावले. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, काकांच्या घरी आलेल्या ठाकूरसाहेबांनी भाटाकडून शिकलेली वंशावळ म्हणून दाखवली. वाळूत पाणी शोधत आलेल्या मूळ पुरुषापासून एकेक नाव खाली उतरत आले. मी ते टंकत गेले.

एका नावाशी ठाकूरसाहेब अडखळले. त्यांचे खापरपणजोबा गरीब शाखेतून दत्तक आले होते.

"सबनीससाब, गोद मत लिखिए, बेटा लिखिए. बिरादरी आज भी ताने देती है."

पुस्तक छापणार होते ठाकूरसाहेबच. काकांच्या वर्षानुवर्षांच्या कष्टांचे काय होणार, या विचाराने मी टंकायचे थांबले.

काका म्हणाले, "ठाकूरसाब, गाँव आज भी उन्हीं के खुदवाए कुएँ का पानी पीता है. फिर शरम कैसी?"

ठाकूरसाहेब चहा तसाच ठेवून निघून गेले.

"काका, आता पुस्तक?"

"राहील पडून. खोटी पिढी घालायची नाही. तू पुढचं पान घे."

बरेच महिने गेले. मग एकदा ठाकूरसाहेब स्वतः आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "गोद ही लिखिए. और जिस बाप ने बेटा दिया, उसका नाम भी."

ते नाव घराण्यात कोणालाच ठाऊक नव्हते. काकांनी पुढची सगळी सुट्टी गरीब शाखेच्या ढाण्यांवर, वाळूतल्या त्या वस्त्यांवर, फिरून ते शोधले. छापील वंशावळीत आज दोन्ही वडील शेजारी शेजारी आहेत.

काकांची साठी झाली. शेजारच्या ठिकाण्यानेही आता त्यांना बोलावले आहे. तो इतिहास लिहून व्हायला लागेल तेवढे, आणि त्याहून पुष्कळ अधिक, निरोगी आयुष्य त्यांना लाभो.